बल्बमधली टोपी

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर गाड्यांच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यांतल्या एकात एचआयडी किटचे खोके आकड्यांप्रमाणे रचून ठेवले होते: ४३००, ६०००, ८०००. काउंटरवरच्या पोराने गाडी किती जुनी, वायरिंग कसं आहे, हेडलाईटच्या काचा धुरकटल्यात का, यांतलं काही विचारलं नाही. "किती के देऊ?" एवढंच विचारलं. भाचा म्हणाला, "सहा हजार." मिसळीच्या हॉटेलात तर्री किती घालू असं विचारावं, तसा तो व्यवहार होता.

के म्हणजे केल्व्हिन. हा आकडा उजेडाचा रंग सांगतो, उजेड किती पडेल ते सांगत नाही. साधा हॅलोजन बल्ब बत्तीसशेच्या आसपास असतो, म्हणून पिवळसर दिसतो. ज्या महाग गाड्यांना कारखान्यातूनच झेनॉन दिवे बसून येत, त्यांचे दिवे साधारण ४३०० चे. तिथून आकडा वाढवत गेलं की रंग पांढऱ्यावरून निळ्याकडे सरकतो आणि कामाचा उजेड उलट कमी होतो. पण मोठा आकडा म्हणजे भारी माल, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याच्याशी दुकानात उभं राहून भांडता येत नाही. मी म्हटलं, "आधी वायरमनला गाडी दाखवू, मग घे." भाच्याने खोका परत ठेवला, पण असा ठेवला की परत येताना हाताला लागावा.

भाचा म्हणजे माझ्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे आणि एक पिकअप आहे. द्राक्षाच्या दिवसांत तो स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा माल वाशीच्या बाजारात नेतो. संध्याकाळी क्रेट भरून निघायचं, विट्यावरून कडेगावकडे, सुर्ली घाट उतरून ओगलेवाडी, कराड, मग महामार्गाने सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुणे, आणि पहाटेच्या आत वाशी. मी साताऱ्यात राहतो. वाढे फाट्यावर तो चहाला थांबतो तेव्हा कधीकधी मलाही बोलावून घेतो. रात्री दहाला चहा पिणं माझ्या वयाला शोभत नाही, तरी जातो. पोरगं रात्रभर एकटं चालवणार असतं.

महामार्गाबद्दल त्याची तक्रार नसते. मधे दुभाजक आहे, त्यावर कण्हेर आणि बोगनवेल लावलेली आहे. लोक तिला शोभा समजतात, पण तिचं खरं काम पलीकडून येणाऱ्या लाईटला आडोसा करायचं. खंबाटकीला तर साताऱ्याकडून जाणाऱ्यांना बोगदा आणि पुण्याकडून येणाऱ्यांना घाट, त्यामुळे समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. कस लागतो तो महामार्गाला लागण्याआधी. तासगाव ते विटा, विटा ते कराड या पट्ट्यात गाडी हळू चालते आणि माणसाच्या मानेला रग लागते.

कारण द्राक्षाचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकमेकांवर येतात. द्राक्षाला घाई असते, उसाला नसते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, आणि मागे दिवा नाही. असला तरी वाढं त्यावर लोंबत असतं. ट्रॅक्टरवर स्पीकर मात्र असतो, तेव्हा कानाला ट्रॉली आधी कळते आणि डोळ्याला नंतर. त्यात तोडकऱ्यांच्या बैलगाड्या, जतकडून आलेली धनगरांची मेंढरं, पहाटे अंधारातच चालू लागलेल्या छोट्या दिंड्या. पाटणच्या बाजूला गेलात तर रस्त्यात गवा उभा. साठच्या वेगातली गाडी, चालवणाऱ्याला दिसल्यापासून थांबेपर्यंत, साधारण पन्नास मीटर खाते. मागे दीड टन द्राक्षं असतील तर जास्तच. डिप्परचा उजेड धड तेवढाच लांब पोचतो. तेव्हा मोठा लाईट हवा म्हणणारा पोरगा चैनी आहे असं मी म्हणणार नाही. त्याला हौस आहेच, पण हौसेच्या खाली भीती आहे, आणि ती भीती बरोबर आहे.

वायरमनचं दुकान तिथून जवळच होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक बाकडं आणि भिंतीवर लोंबणाऱ्या वायरींचे झुपके. म्हातारा होता, कमी बोलणारा. त्याने किटबद्दल काही मत दिलं नाही. डब्यातून एक उडालेला बल्ब काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बल्ब भाच्याच्या हातात दिला. "आत काय दिसतंय?"

"दोन तारा."

"आणि?"

"वाटीसारखं काहीतरी."

"ती टोपी. ती काढली तर तुझा लाईट दीडपट होईल. मग कंपनीनं ती का घातली असंल?"

आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्यांना हा एच-फोर बल्ब बसतो. १९७१ पासून तो जगात चालू आहे. त्यात दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची नखाएवढी टोपी असते. तारेतून खाली जाणारा उजेड ती अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता तर उलटून वर गेला असता, समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. टोपीमुळे उजेडाला एक कड मिळते. भिंतीसमोर गाडी उभी केली की ती कड स्पष्ट दिसते: खाली उजेड, वर अंधार. डाव्या बाजूला कड थोडी वर चढते, म्हणजे आपल्या अंगाची साईडपट्टी, मैलाचा दगड, पायी चालणारा माणूस दिसावा. उजव्या बाजूला ती खालीच राहते, कारण तिकडून कोणीतरी येत असतं. अप्परचा उजेड सुमारे १६५० ल्युमेन आणि डिप्परचा हजाराच्या आसपास. वॅटमध्ये फरक पाचाचाच आहे. उरलेला उजेड टोपीने मुद्दाम गिळलेला असतो.

दिव्याचं कौतुक आपण तो किती उजळतो यावरून करतो. ज्याने ही टोपी बसवली त्याचं डोकं दुसऱ्या बाजूने चाललं होतं. दिवा तयार झाल्यावर त्याने विचार केला असणार की हा कुठे पडता कामा नये, आणि त्या जागेसाठी पत्रा कापला असणार. बल्बमधली सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच असेल. मला ती सगळ्यांत शहाणी वाटते.

एचआयडीला तार नसते. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात. बॅलास्ट नावाची डबी, आपले फिटर तिला चोकच म्हणतात, गाडीच्या १२ व्होल्टचे क्षणभर वीस हजारांच्या वर व्होल्ट करते आणि दोन टोकांच्या मध्ये चार-एक मिलीमीटरची ठिणगी उभी राहते. तीच मग जळत राहते. ३५ वॅटमध्ये तीन हजार ल्युमेनच्या आसपास उजेड, म्हणजे डिप्परच्या तिप्पट, तोही कमी विजेत. तंत्र म्हणून हे उत्तमच आहे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरीज गाडीत ते पहिल्यांदा आलं. पण गाडीबरोबर आलं तेव्हा एकटं आलं नाही. त्या ठिणगीसाठी घडवलेला वेगळा दिवा आला, उजेडाला कड देणारा आडपडदा आला. पुढे युरोपात नियमच झाला की दोन हजार ल्युमेनच्या वरचा दिवा असेल तर गाडी मागे भरली तरी दिव्याचं तोंड आपोआप खाली वळलं पाहिजे आणि दिव्याची काच धुणारा फवारा पाहिजे. कारण काचेवर धूळ बसली की उजेड विखरून वर जातो. आपल्याकडे जानेवारीत ट्रॉलीमागून पाच किलोमीटर चाललेल्या गाडीची काच कशी दिसते ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

दुकानातल्या खोक्यात यांतलं काहीच नसतं. दोन बल्ब, दोन चोक, वायरींचा गुंता. ठिणगी नेमकी जुन्या तारेच्या जागी येत नाही, आणि रिफ्लेक्टर त्या जागेचा मिलीमीटरपर्यंतचा हिशेब धरून घडवलेला असतो. टोपी काही किटमध्ये नसते, काहींत नावाला पत्र्याची नळी असते. अप्पर-डिप्परसाठी बल्बच्या बुडाशी छोटं चुंबक असतं, ते आख्खा बल्ब पुढेमागे सरकवतं. बटण दाबलं की टक् असा आवाज येतो, भिंतीवरचा उजेडाचा गोळा जरा हलतो, आणि पोरं म्हणतात, झालं डिप्पर.

बसवणाऱ्याला मात्र फरक लगेच जाणवतो, आणि तो खोटाही नसतो. बोनेटपुढचे वीस-पंचवीस फूट असे उजळतात की रस्त्यावरची खडी मोजावी. गंमत अशी की एवढ्या जवळच्या उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. समाधान वाढतं, नजर वाढत नाही. कुंभार्लीच्या बाजूला धुकं असेल तर त्याच उजेडाची समोर पांढरी भिंत होते. स्वस्तातला चोक असला की रेडिओवर गाणी खरखरतात. या शेवटच्या मुद्द्यावर भाचा पहिल्यांदा गंभीर झाला.

दाजींना, म्हणजे भाच्याच्या वडिलांना, हा सगळा विषय वेगळ्या अंगाने माहीत आहे. साठी ओलांडली तेव्हापासून ते रात्रीची गाडी चालवत नाहीत. मोतीबिंदू सुरू झालाय, मिरजेच्या डॉक्टरांनी अजून थांबा म्हटलंय. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथे थांबा म्हटलं की आमच्याकडे माणसं थांबतात. दाजी सांगतात, "दिवसा मला समदं दिसतंय. रातचं समोरनं गाडी आली की उजेड डोळ्यात सांडतो बघा, पाव्हणं. गाडी निघून गेली तरी सांडलेला तसाच ऱ्हातो." डॉक्टरांच्या भाषेत हेच असं सांगतात की डोळ्याचं भिंग गढूळ झालं की आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि सगळ्या पडद्यावर पांढुरका थर बसतो. तरुण डोळ्यालाही सुटका नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तो सराव एका झोताने मोडतो. झोत गेल्यावर तीन सेकंद काही दिसलं नाही असं धरा. साठच्या वेगात त्या तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर गेलेली असते. हे पन्नास मीटर कोणाचे, हा माझा भाच्याशी खरा वाद होता. तो म्हणत होता, "मला पन्नास मीटर जास्त दिसतंय." मी म्हणत होतो, ते तू समोरच्याकडून काढून घेतलेस.

तो हसला. "मामा, समोरच्यानं आधीच माझं काढून घेतल्यात. तो डीप मारत न्हाई."

याला उत्तर देणं अवघड आहे. विटा रोडवर उभं राहून बघावं. दहातल्या किती गाड्या डिप्पर देतात ते मी मोजलेलं नाही, पण न देणाऱ्यांना मोजायची गरज पडत नाही, ते दिसतातच. एकाने पांढरा लाईट लावला की समोरच्याला आपला पिवळा मिणमिणता वाटू लागतो, आणि पुढच्या आठवड्यात तोही शंभर फुटी रस्त्यावर येतो. असं करत सगळे पांढरे झाले की सगळ्यांना पूर्वीइतकंच दिसतं, किंबहुना कमीच. फक्त दुकानाचा गल्ला भरलेला असतो.

आणि यात अप्पर-डिप्परची बोली मरते आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. ती कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. अरुंद पुलाच्या अलीकडे एकदा लाईट मारला की मी आधी येतो. दोनदा मारला की पुढे काहीतरी आहे, बेताने या: अपघात, जनावर, आरटीओची गाडी. मागच्या ट्रकने बराच वेळ धरला की तू बाजूला हो. आणि पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे त्याला वळायचंय की तुला ओव्हरटेक कर म्हणतोय, हे बाकीचा संदर्भ बघून ठरवायचं. अनोळखी माणसं अंधारात, तोंड न पाहता, एवढं बोलत होती. या बोलीला झटकन लागणारा आणि झटकन विझणारा दिवा लागतो. एचआयडी थंड असताना पूर्ण उजळायलाच काही सेकंद घेतो. आणि जो डिप्परवरही अप्परसारखाच दिसतो, त्याने दिलेला इशारा इशारा म्हणून कळत नाही, शिवी म्हणून कळतो.

कराडला पोचायच्या आधी भाचा रोज ओगलेवाडीतून जातो. शंभरेक वर्षांपूर्वी ओगले बंधूंनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर तिथे काचेचा कारखाना काढला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. आमच्या आजोळी माळ्यावर एक होता, काच तडकलेला. वीज असली तरी आजी तो घासून ठेवायची, कारण विजेवर तिचा विश्वास बसला नव्हता. मग ओगलेवाडीच्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेचं धरण झालं. सह्याद्रीच्या पोटातून पाणी पोफळीकडे सोडून साठच्या दशकात वीज निघू लागली आणि महाराष्ट्राला भरपूर उजेड झाला. म्हणजे उजेड तयार करण्याच्या कामात हा मुलूख अडाणी नाही. कंदिलाचा उजेड चार पावलांपुरता होता आणि त्यात साप दिसेपर्यंत पाय पडायचा, तेव्हा त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण कंदील घेऊन येणारा माणूस लांबून दिसायचा आणि जवळ आला की त्याचं तोंड दिसायचं. आता समोरून येणारी गाडी ट्रक आहे, मोटार आहे की एक दिवा गेलेला टेम्पो आहे, हेही ती शेजारून गेल्याशिवाय कळत नाही.

कायदा या बाबतीत फार नेमका आहे, आणि मला नेमके कायदे आवडतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०६ क्रमांकाचा नियम माणूस उभा करूनच बोलतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण समोरच्या मोटारसायकलवरच्या माणसाचा डोळा, किंवा पायी चालणाऱ्या बाईचा. नियम लिहिणाऱ्याने टोपी घडवणाऱ्यासारखाच विचार केला आहे. पूर्वी हेडलाईटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असायचा किंवा मधोमध काळा ठिपका असायचा, ती याच विचाराची गावठी आवृत्ती. आज ट्रकवर काळा ठिपका दिसतो तो दृष्ट लागू नये म्हणून, आणि तो बंपरवर असतो.

अंमलबजावणीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी जुने बल्ब बसवायचे, पासिंग झालं की दुसऱ्या दिवशी काढायचे. भाच्याकडेही ही योजना तयार होती.

वायरमनने त्या दिवशी पैसे न घेता एक काम केलं. मीटर लावला. बॅटरीच्या टोकाला साडेबारा व्होल्ट, बल्बच्या होल्डरला अकराही भरेनात. मधले व्होल्ट वाटेतच खर्च होत होते: बारीक वायर, गंजलेले कपलर, आणि दोन्ही बल्बचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून फिरून येणारा. हॅलोजनची तार या बाबतीत फार हळवी असते. व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरले की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे भाच्याने आजवर आपल्या हेडलाईटचा पूर्ण उजेड पाहिलेलाच नव्हता. उपाय सांगितला तो असा: बॅटरीवरून जाड वायर थेट दिव्यापर्यंत, मधे फ्यूज आणि रिले, स्विचने फक्त रिले हलवायचा. बल्ब ६०/५५ चेच, पण चांगले. काचा पॉलिश. खर्च किटपेक्षा कमी. भाच्याचा चेहरा पडला. स्वस्तात काम होणार या गोष्टीचा आनंद व्हायला एक वय लागतं.

गाडी चार दिवसांनी नीट झाली आणि संध्याकाळी घरच्या पॅकिंग शेडच्या भिंतीसमोर उजेडाची कड लावायचा कार्यक्रम झाला. वायरमनने बजावलं होतं, रिकाम्या गाडीवर लावू नका. पिकअप भरली की मागचे पाटे बसतात, नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेला डिप्पर झाडाच्या शेंड्यात जातो. पिकअपवाल्यांबद्दल रस्त्यावर जी तक्रार असते तिचं निम्मं कारण हे आहे, बल्ब कुठलाही असो. म्हणून क्रेट भरले, भाचा सीटवर बसला, मी आणि दाजींनी समोरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीची रेघ मारली आणि तिच्या जरा खाली दुसरी. मग भाच्याने बोनेट उघडून स्क्रू फिरवायचा आणि आम्ही भिंतीपाशी उभं राहून "खाली, अजून खाली, बास" म्हणायचं. आक्काला वाटलं काहीतरी पूजा चालली आहे, ती चहा घेऊन आली. दाजी आठ मीटरवर जाऊन जरा वाकून उभे राहिले, डोळा दीड मीटरवर यावा म्हणून. नियम मी त्यांना वाचून दाखवला होता. "न्हाई सांडत," म्हणाले.

तेवढ्यात उजेडाच्या कडेला, शेडच्या कोपऱ्यात, घरची ट्रॉली दिसली. ऊस कारखान्याला नेऊन संध्याकाळीच आलेली. मागे दिवा नाही, लाल काच नाही, रेडियमची पट्टी होती तिचा एक तुकडा शिल्लक. भाचा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, हिला मागं काय लावायचंय का न्हाई?"

दाजी म्हणाले, "ती हंगामात चार म्हैनं रस्त्यावर असती."

"मी पण तेच चार म्हैनं असतो."

दाजींनी कारखाना रिफ्लेक्टरचं कापड देतो असं सांगितलं, मागच्या साली दिलं होतं ते कुठे गेलं यावर आक्काशी थोडं झालं, आणि शेवटी ते कापड पाण्याच्या मोटारीवर झाकण म्हणून सापडलं. दुसऱ्या दिवशी ते ट्रॉलीला बांधलं. या भागातल्या सगळ्या ट्रॉल्यांना मागे लाल पट्टी आणि चालता दिवा असता तर एचआयडीचं दुकान निम्म्यावर आलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तुमी दुकानदाराच्या पोटावर उठलाय."

पांढऱ्याची त्याची हौस काही गेली नाही. ती फक्त केबिनमध्ये शिरली. डॅशबोर्डवरच्या गणपतीभोवती आता निळ्या-पांढऱ्या एलईडीची पट्टी आहे, छताला दुसरी, आणि नावाच्या पाटीमागे तिसरी. रात्री त्यांचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं, आणि नव्या वायरिंगमुळे जेवढं जास्त दिसायला लागलं होतं त्यातलं बरंचसं पुन्हा झाकलं जातं. दाजी त्याला त्या पट्ट्या बंद करायला सांगतात. छताची आणि नावाची तो करतो. गणपतीची करायला गेला की आक्का मध्ये पडते. तिचं म्हणणं, गाडी चालू असताना देवापुढचा दिवा विझवायचा नसतो. वायरमनला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, पट्टीवर अर्धी काळी टेप मारा.